कांदा चिरणारा राजपुत्र

पानं हातात पडेपर्यंत चित्रकर्तीच्या घरातून हलायचं नाही, ही टोकियोतल्या संपादकांची जुनी रीत. म्हणून मुलींच्या कॉमिक मासिकाचे संपादक कुवाबाता सकाळपासून मिनेगिशीबाईंकडे ठाण मांडून होते. संध्याकाळी पानं छापखान्यात जायची होती, आणि पोटात काही गेल्याशिवाय आपला हात चालत नाही, हे बाईंनी ते आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

दोरीवर वाळत टांगलेल्या पानांकडे बघून कुवाबाता कडाडले, “बाई, राजकन्या तलवार घेऊन लढाईला जाते, इथवर मी गप्प बसलो. पण राजपुत्र घरी थांबून तिच्यासाठी सूप करतो?”

“लढून आल्यावर तिला भूक लागणार ना!”

“आणि हा रडतोय कशाला?”

“कांदा चिरतोय.”

“अहो, मुली फिदीफिदी हसतील! पुरुष कसा करारी हवा. बाईमाणसाच्या हुकमावर चूल सांभाळणारा पुरुष जगात कुणी पाहिलाय? माझी नोकरी जाईल. पान बदला!”

“नाही बदलणार.”

“मग मी छापणार नाही!” कुवाबातांनी ठणकावलं आणि बाहीने डोळे पुसले.

मिनेगिशीबाईंनी त्यांना नीट न्याहाळलं.

“नका छापू. पण साहेब, हातातली सुरी तशीच राहू द्या आणि जरा पाठमोरे व्हा. राजपुत्राच्या ॲप्रनची गाठ काढायची राहिलीय.”