पहिल्या घरची सुई

दूध केंद्रावर माप घेणाऱ्या शिवदासने यशोदाची दुधाची किटली हात न लावता पायानेच बाजूला सरकवली. तिचं दूध नाकारण्याचा आज अकरावा दिवस होता.

"काल सांगलेलं मगे तुका, हाडू नको म्हणून."

यशोदाने किटलीचं झाकण घट्ट केलं. बावीस वर्षांपूर्वी ती सावंतवाडीकडून हद्द ओलांडून इथे आली, नवरा खाणीच्या ट्रकवर होता तेव्हा. नवरा गेला, ट्रक गेला. वाड्यावर, गावाच्या या वस्तीत, ती अजून 'पलीकडची'च होती. गायींच्या मानेला गाठी यायला लागल्या तेव्हा सगळ्यांनी तिच्याच गोठ्याकडे बोट दाखवलं.

"शिवदासकाका, थांबा," गौरवी म्हणाली. "तपासणीचा निकाल आला आहे."

रांगेतले लोक वळले. गौरवी गुरांच्या डॉक्टरांची, 'दोतोरां'ची मुलगी. शहरात प्रयोगशाळेत काम करायची. तीन आठवड्यांपूर्वी तिनेच घरोघर फिरून गायींचं रक्त घेतलं होतं. बाबा गेल्यापासून दर रविवारी ती येत होती, बंद घर उघडत होती, कपाटं लावत होती. खरं म्हणजे ती बाबांचं एखादं वाक्य शोधत होती. चिठ्ठी, वहीतली ओळ, काहीही. कृष्णनाथ दोतोर कमी बोलायचे. शेवटच्या आजारातही ती उशाशी बसली की एवढंच विचारायचे, "जेवलीस?"

तिने कागद उघडला. गाठी आणणारा हा विषाणू गायीच्या रक्तात शिरतो, तिने सांगितलं, आणि पेशीतल्या जनुकांमध्ये स्वतःला लिहून ठेवतो. गाय वर्षानुवर्षं धडधाकट दिसते. लिहिलेलं मात्र जन्मभर पुसलं जात नाही. वाड्यावरच्या नऊ गायींत तो सापडला. नऊही गायींत त्याची खूण तंतोतंत एकच, म्हणजे तो एकाच ठिकाणाहून पसरलेला. यशोदाची गाय तेवढी निर्मळ आहे.

"आनी आमच्या गुरांक लागलो खंयसून? वाऱ्यान?" शिवदास हसला. त्याच्या दोन गायी त्या नऊंत होत्या. "यंत्र चुकलं आसतलं. तुझ्या बाबान वीस वर्सां आमची गुरां सांभाळली. मध्यरातीं हाक मारली तरी येतालो. तो आसताना कोणाक गाठ आयली? तो आंथरुणाक खिळलो आनी ही पिडा सुरू जाली."

"पलीकडची गाय पलीकडचीच," मागून कोणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसली.

गौरवीने कागदाची घडी घातली. उत्तर कागदावर नव्हतं, तिच्या पायांत होतं. शाळेच्या सुट्टीत बाबांची पिशवी घेऊन ती लसीकरणाला जायची. सकाळी पहिलं घर यशोदाकाकीचं. तिच्या चुलीवर सुई उकळायची. तिची गाय आधी टोचायची. मग स्पिरिटच्या बोळ्याने सुई पुसायची आणि शिवदासकाकाचा गोठा. पुन्हा पुसायची, पुढचं घर. शेवटी स्वतःचा गोठा. त्या काळी सगळेच तसं करत. परवा दुपारी प्रयोगशाळेत तिने त्या क्रमाने घरं कागदावर मांडली होती, आणि विषाणू पहिलं घर सोडून पुढच्या घरांतच होता.

यशोदा किटली उचलून निघाली होती. जाऊ दिलं असतं तर ती गेली असती.

"यंत्र चुकलेलं नाही, काका," गौरवी म्हणाली. "आधी कुठल्या गायीत होता ते मला सांगता येणार नाही. घरोघर कसा गेला ते सांगता येतं. माझ्या बाबांच्या सुईतून गेला. सगळ्यांना एकच सुई होती, आणि ती फक्त यशोदाकाकीच्या घरी उकळलेली असायची."

शिवदासने टोपी काढली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा घातली. मग त्याने यशोदाच्या हातातून किटली घेतली आणि दूध मापात ओतलं. यशोदा रिकामी किटली घेऊन गेली. गौरवीच्या जवळून गेली तरी तिने वर पाहिलं नाही.

गौरवी तिच्या मागोमाग तिच्या घरापुढच्या खळ्यापर्यंत, अंगणापर्यंत गेली. यशोदाने किटली उंबऱ्यावर आपटली.

"कशाक बोललंस गो, बाय?"

"तुमचं दूध घेत नव्हते, काकी."

"वासरान पिला असता! अकरा दिस मी तोंड उघडलंय? एक शब्द? दोतोरांचा नाव घेतल्यार अजून लोक हात जोडतत. ता ऱ्हवाचा म्हणान गप होतंय मी. आणि तू, त्यांचा पोटचा चेडू, चार लोकांत सांगान मोकळा झालंस."

गौरवी एक पाऊल पुढे आली. "तुम्हाला माहीत होतं?"

यशोदाचा आवाज खाली आला. "पयल्या गाठी इल्या तेवा पेज घेवन गेललंय त्यांच्याकडे. म्हणाले, 'यशोदा, ही माझ्या सुयेची करणी. आता दर गुराक नवी सुई देतत, तेवा माका उमगला. लोकांक सांगूचो धीर नाय. आणि गौरवीक तर कसा सांगू? ती हीच विद्या शिकली. तिच्या डोळ्यांतून उतरलंय तर मी मरुकव शकूचंय नाय.' लय रडले."

खळ्यात वाळत घातलेली कोकमं उन्हात पडली होती. गौरवीला शेवटचे ते सगळे रविवार आठवले. खाट, भिंतीकडे वळलेली पाठ, तिने धरलेला हात. ज्या माणसाकडे शब्द नाहीत असं ती समजत होती, त्याचे शब्द इथे साठून राहिले होते. वाटेवरच्या पहिल्याच घरात.

ती उंबऱ्याखालच्या पायरीवर बसली.

"आणखी काय काय बोलायचे, काकी?"