बदलीचं माणूस

“बदली आली का गं?” बेटाच्या टेकडीवर, टेहळणीच्या मनोऱ्यातून काका दिवेलागणीला काकूला हाक मारायचे. युद्धातला नियमच होता, बदलीच्या माणसाने ‘पहारा घेतला, उतरा’ म्हटल्याशिवाय वरच्याने जागा सोडायची नाही. एका संध्याकाळी समुद्रावरून विमानं आली. बदलीचा माणूस पोचलाच नाही, आणि काका वर होते ते वरच राहिले.

पुढे सरकारने मनोरा जतन करायला घेतला. दाराला कुलूप लागलं, किल्ली माझ्याकडे आली. पण दिवे लागले की वरून हाक यायचीच, आणि पायथ्याच्या घरात काकू हातातलं काम टाकून उंबऱ्यात येऊन बसायची.

“काकू, मी म्हणून टाकू का ते शब्द? सुटतील बिचारे.”

“जीभ हासडीन! ते उतरले की मला हाक कोण मारणार?”

काल काकू गेली. आज दिवेलागणीला मी तिच्या उंबऱ्यात बसलो होतो. किल्ली खिशातच होती. हाक आली, आणि हाकेला उत्तरही वरूनच आलं.



“दमलात हो फार. पहारा घेतला मी, उतरा आता.”