पांढऱ्या गाडीवरची खूण

मागच्या दारावर, हँडलच्या बरोबर खाली, लाल रंगाचे तीन आडवे पट्टे होते. तळहाताएवढे, आणि अजून ओले.

जीवनच्या तोंडातला घास तोंडातच राहिला. न्याहारीला आत गेला तेव्हा गाडी लख्ख पांढरी होती. सकाळी सहापासून लिंबाच्या सावलीत तो तिच्याशी झटत होता. आधी शाम्पूने धुणं, मग पॉलिश, मग मेणाचा हात, आणि मेण सुकलं की मऊ फडक्याने गोल गोल पुसून काढणं. पांढऱ्या गाडीवर पांढरं मेण कुठे राहिलंय ते सरळ बघून दिसतच नाही. गुडघ्यावर बसून, मान वाकडी करून, तिरप्या उजेडात शोधावं लागतं. त्यात त्याची मान अवघडली होती. पण बोनेटमध्ये लिंबाचं पान न् पान दिसायला लागलं, तेव्हा गडी स्वतःवरच खूश होऊन आत गेला होता. उद्या बीडला त्याचा साखरपुडा. सासरची माणसं शहरातली, नोकरदार. त्यांच्या देखत या गाडीतून रुबाबात उतरायचं होतं.

आणि आता हे. पट्टे कुणाचे, हे विचारायची गरजच नव्हती. पाटोद्याच्या आसपास कुठल्याही कळपात असे तीन पट्टे असलेलं मेंढरू शिरलं, की लोक ते मुकाट्याने धुळाजीच्या दारात आणून सोडतात. धुळाजी म्हणजे जीवनचा बाप. तो भिंतीशी उकिडवा बसून काडीला गुंडाळलेली रंगाची चिंधी सोडवत होता, अगदी निवांत.

"आबा, हे तुमी केलं?"

"व्हय. खूण केली."

"कावून?" जीवनचा आवाज चिरकला. "गाडी हाय ती, मेंढरू हाय का? उद्या समदे हसतील मला."

जीवनने खांद्यावरचं फडकं ओढलं आणि वरच्या पट्ट्यावर फिरवलं. ताज्या मेणावर रंगाने पकडच घेतली नव्हती. एका हातात पट्टा साफ. जीवनचा जीव भांड्यात पडला.

म्हातारा मात्र उठून उभा राहिला. "पुसतंय व्हय ते?" त्याचा चेहरा एवढासा झाला. "लोकरीवर चार म्हैने टिकतोय."

"टिकून काय करायचं हाय आबा? सांगा ना मला, काय करायचं हाय?"

"सांगा की त्याला," दारातून साखराबाई म्हणाली. जीवनची आई केव्हापासून तिथे उभी होती कुणास ठाऊक. "न्हाईतर मी सांगते."

"गप बस," धुळाजी म्हणाला.

पण ती गप बसली नाही. "गेल्या म्हैन्यात बीडला लगनाला गेलतो न्हवं आपण? तू ह्यांना म्हणलास, ऊन लई हाय, गाडी उघडीच हाय, आत जाऊन बसा. तिथं वीस-पंचवीस गाड्या, समद्या पांढऱ्या. ह्यांनी एकीची कडी वढून बघितली, मग दुसरीची. तिसरी बोंबलाय लागली. तसं वॉचमननं गचांडी धरली. चोर म्हणाला."

"माजी बी गाडी हाय म्हणलो मी," धुळाजी हळूच म्हणाला. "तर नंबर सांग म्हणाला. मला कुठं आकडे येतेत?"

बापाची गचांडी कुणीतरी धरली होती. जीवन आत मांडवात पंगतीला वाढत होता, आणि बाहेर बापाची गचांडी धरली होती.

"मग?"

"मग काय? गेटापाशी बसिवलं उन्हात," साखराबाई म्हणाली. "पागोटं काढून मांडीवर ठिवायला लावलं. येणारं-जाणारं माणूस बघून जात हुतं. तुज्या सासरची माणसं बी त्याच लगनाला आल्ती, म्हणून ह्यांनी तुजं नाव घेतलं न्हाई. समद्या गाड्या निघून गेल्या, आपली एकटीच ऱ्हायली, तवा सोडलं."

जीवनला तो दिवस आठवला. रिकाम्या मैदानात तो गाडीपाशी ताटकळत उभा होता. म्हातारा लांबून पागोटं बांधत बांधत येताना दिसला, तसा तो सगळ्यांसमोर त्याच्यावर खेकसला होता. दोन तास कुठं उंडारत होता म्हणून. आणि म्हातारा म्हणाला होता, झाडाखाली डोळा लागला.

"मेंढराला तोंड असतंय," धुळाजी सांगायला लागला. जणू चूक त्याचीच होती आणि तिचा खुलासा करणं भाग होतं. "दोनशे मेंढरं मी तोंडावरनं वळखतो. गाड्यांना समद्यांना एकच तोंड. म्हणलं, खूण आसली म्हंजी उद्या तुजा खोळंबा व्हायचा न्हाई."

दारावर दोन पट्टे अजून होते, खालचा थोडा ओघळला होता. तिकडे बघायची जीवनची छाती झाली नाही.

"आबा, म्हैना झाला. मला कावून सांगितलं न्हाई?"

धुळाजीने रंगाची बोटं धोतराला पुसली.

"सांगितलं आसतं," तो म्हणाला, "तर उद्या तू मला मेंढरांपाशी घरीच ठिवलं आसतंस."