ही श्रद्धा कोण?
जबलपूरच्या त्या छोट्याशा सॉफ्टवेअर ऑफिसात सोमवारची मीटिंग चालली होती. टीम सांभाळणाऱ्या वसुधादीदींनी सगळ्यांचं काम पडद्यावर लावलं, आणि ललितनं सकाळीच पाठवलेल्या कामापुढे नाव दिसलं, श्रद्धा. ललितच्या पायाखालची जमीनच सरकली. ऑफिसात आणि घरी सगळ्यांसाठी ती ललित होती, घरातला मोठा मुलगा. श्रद्धा हे नाव तिनं स्वतःच स्वतःला दिलेलं, अजून कोणालाही न सांगितलेलं. रविवारी जवळच्याच पनागर गावी घरी बसून आपल्या खाजगी प्रोजेक्टपुरतं ते गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक कामापुढे करणाऱ्याचं नाव नोंदवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकताना ‘लोकल’ऐवजी सवयीनं ‘ग्लोबल’ लिहिलं गेलं होतं, आणि लॅपटॉपवरच्या सगळ्याच कामाला ते नाव लागलं होतं. “नई भरती हुई क्या, दीदी?” शेजारचा अनिमेष हसला. वसुधादीदी तिच्याकडे वळल्या. “ललित, हे काम तर तू करून राहिला होता ना? मग ही श्रद्धा कोण? दुसऱ्या कोणाला लॅपटॉप काहून दिला?” दिला म्हटलं असतं तर सुटका होती. तिनं तोंड उघडलं. “कोणाला नाही दिला, दीदी. श्रद्धा मीच आहे.” आपलाच आवाज ऐकून ती हादरली. अनिमेषचं हसू तोंडावरच विरलं. दीदींनी पडदा बंद केला, “चलो, सब बाहर,” म्हणाल्या, आणि खोली रिकामी झाल्यावर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. “पाणी पी आधी,” त्या हळूच म्हणाल्या. “काहून एवढी थरथरून राहिली तू?”