नुसती साल

गंधालीला या दुपारी आई परत मिळणार होती. आईबरोबर वेणी घालणारे हात, ताप आला की कपाळावर येणारा तळवा, आणि काकूच्या "बिचारी पोर" या दोन शब्दांतून कायमची सुटका. जाणार होत्या फार तर तीन मोसंब्या. असा सौदा कोण सोडतं?

टेंभुर्णीच्या शिवारातल्या बारवेच्या शेवटच्या पायरीवर ती उभी होती. अंगात बाबांनी घेतलेला नवा पंजाबी ड्रेस. पोरगी वाढत्या अंगाची म्हणून त्यांनी तो चांगला दोन नंबर मोठा घेतलेला. बाह्या दुमडलेल्या, सलवार टाचेखाली.

आजोळच्या शेजारच्या नंदाबाईंनी तिला सांगितलं होतं की सूर्य बरोबर डोक्यावर आला की बारवेच्या तळाशी दार उघडतं, पण बारा वर्षं पुरी न झालेल्या लेकरालाच. गेलेलं माणूस तिथून परत आणता येतं. नाक्यावर जे मागतील ते राजीखुशीनं द्यायचं, एवढीच अट. लेकरू तिथून मोठं होऊनच येतं, असंही त्या म्हणाल्या होत्या. नंदाबाई स्वतः कधी गेल्या नव्हत्या. सल्ला देणाऱ्यांचं असंच असतं.

गंधालीला बारा व्हायला चार दिवस उरले होते.

पिशवीतल्या तीन मोसंब्या आईसाठी होत्या. दवाखान्यात शेवटचे तीन दिवस ती मोसंबीच मागत होती आणि डॉक्टरांनी काही दिली नव्हती.

पाणी पडद्यासारखं बाजूला सरलं. आत ऊन नव्हतं, तरी उजेड होता. दोरीवर लोकांच्या सावल्या वाळत घातल्या होत्या. वाटेतला एक बैल माणसासारखा खाकरला आणि बाजूला झाला. गंधालीला रडू फुटलं.

ती रडतच पहिल्या नाक्यावर पोचली. टेबलामागं याकूब नाकेदार बसले होते. निजामाच्या काळात वारलेले, पण टोपी अजून सरळ.

"साल दे, बेटी," ते म्हणाले.

गंधालीनं पिशवीकडं पाहिलं. एवढं नशीब तिला खरं वाटेना. "नुसती साल?"

"बस्, साल."

"आतलं न्हाई देणार मी."

"आतलं तुझंच राहतं. ते आम्हाला घेता येत न्हाई."

किती द्यायची, हे तिनं विचारलं. तुझी मर्जी, पण जितकं देशील तितकं आत जाशील, असं ते म्हणाले. तिनं एक मोसंबी सोलली आणि सालीचे चौदा तुकडे टेबलावर मांडले. याकूबमियांनी ते मोजले. राजी आहेस ना, असं दोनदा विचारलं. लेखणी बराच वेळ हातात धरून मग त्यांनी आकडा लिहिला.

पुढं आवाजांची नदी होती. त्यात हाका वाहत होत्या, कुणाची अर्धी राहिलेली भांडणं, एक अंगाई. मघाची गंधाली काठावरच बसून राहिली असती. आता ती शांतपणे पार झाली. स्वतःचंच तिला नवल वाटलं. दुमडलेल्या बाह्या मध्येच कधीतरी उलगडल्या होत्या आणि सलवार पायात येत नव्हती. नंदाबाई खोटं बोलल्या नव्हत्या, धीर आला की माणूस ताठ चालतं.

दुसऱ्या नाक्यावर लालबी नावाची नाकेदारीण होती. तिनं बसायला चटई टाकली.

"बसा, बाई."

घरी तिला कुणी "बसा" म्हणत नसे. गंधाली सुखावली. तिनं दुसऱ्या मोसंबीच्या सालीचे सतरा तुकडे दिले. लालबीनं ते दोन्ही हातांनी घेतले आणि विचारलं, कुणासाठी एवढं? आईसाठी, असं गंधालीनं सांगितल्यावर लालबीच डोळे पुसायला लागली. तेव्हा गंधालीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तिची समजूत काढली. हे आपल्याला कुणी शिकवलं, ते तिला आठवेना.

तिसऱ्या नाक्यावरून आई दिसली. पाठमोरी. बायकांच्या रांगेत बसून ती सुपात धुकं पाखडत होती.

इथं तन्वीर नावाचा एक मितभाषी तरुण होता. माणूस बाहेर न्यायला सगळ्यात जास्त लागतं, एवढं तो म्हणाला. गंधालीनं डोकं चालवलं. साल तेवढीच, तुकडे बारीक. शेवटचा तर नखाएवढा. एकवीस भरले. चांगलं फसवलं याला, म्हणून ती मनातल्या मनात हसली.

"चौदा, सतरा, एकवीस," तन्वीर म्हणाला. "बावन्न. बराबर?"

"बराबर," ती म्हणाली, आणि तिनं झोकात सही केली.

आई पलीकडच्या पायऱ्यांनी वर येईल, तू तुझ्या पायऱ्यांनी जा, वर पोचेपर्यंत हाक मारू नको, असं त्यानं बजावलं.

चढताना पायऱ्या वाढल्यासारख्या वाटल्या. ती दोनदा टेकली. गुडघे बोलत होते, छातीत धाप मावत नव्हती. मेलेल्यांच्या मुलखात जाऊन यायचं म्हणजे एवढं व्हायचंच. वर आली तेव्हा ऊन डोळ्यांवर असं आलं की समोरचं सगळं धूसर झालं.

पण आई ओळखू आली. बत्तिसाव्या वर्षी गेली तशीच्या तशी, फक्त हातावर सुयांचे डाग नाहीत. कपाळावर हात धरून ती चारी दिशांना कुणाला तरी शोधत होती. गंधालीला धावत सुटायचं होतं. पाय उचलेनात. हाक मारायला गेली तर घशातून नुसती घरघर आली.

आईनं वळून पाहिलं. लगबगीनं जवळ आली, पदर डोक्यावर घेतला आणि वाकून तिच्या पाया पडली.

"मावशी," ती म्हणाली, "इथं एक पोरगी पाह्यली का हो तुम्ही? माझी लेक हाय. अकरा सालाची."