अबोल्याची घागर

त्या नदीकाठच्या गावात अबोला मोडण्याची रीत निराळी होती. मनातले नदीच्या पाण्याला सांगून त्या पाण्याची घागर समोरच्याला धाडायची. ओतली, की पाणी ते शब्द एकदाच उच्चारी. नावाडी बापाने भांडणानंतर धाडलेली घागर सुताराने दुकानाच्या कोपऱ्यात तशीच ठेवली. “ओता एकदाची,” बायको म्हणे, “शिव्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत!” तो मान फिरवी. पुढे पुरात एकट्याने नाव वल्हवताना बाप बुडाला, आणि घागरीला हात लावण्याचे धैर्यच सरले. आज दुकानातल्या भुशाने पेट घेतला. “अहो, बघत काय बसलात? मामंजींची घागर ओता!” बायको ओरडली. त्याने डोळे मिटून ती उपडी केली. जाळ चरचरला, आणि वाफेतून थकलेला आवाज आला, “राग सोड, पोरा. नदी चढतेय, एकट्याला वल्हं झेपत नाही. उद्या येशील?” “येतो, बाबा,” सुतार ओल्या राखेला म्हणाला.