गोंधळ उडाला की ब्रेक

"थांबली! बघा मास्तर, जिथल्या तिथे थांबली!"

दुकानदार ओरडला तरी मास्तरांनी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. पडद्यावरची गाडी वळणाच्या ऐन मध्यावर शहाण्या बाळासारखी उभी होती. वाळूवर मागची चाकं घसरली, मास्तरांनी ब्रेक दाबला, गाडी थांबली. चारदा केलं, चारही वेळा थांबली. मास्तरांच्या छातीवरचा धोंडा इवलासा हलला.

"पण हे खेळणं हो," दुकानदार म्हणाला. "टेबलाला स्टिअरिंग अडकवायचं नि घरात पोरं गप्प बसवायची. घसरणं कशाशी खातात, हे याला ठाऊकच नाही. म्हणून तर सायकलीच्या भावात मिळतं. ते मधलं मशीन स्कूटरच्या भावात. आणि त्या कोपऱ्यातल्या, खऱ्या गाडीसारख्या हलणाऱ्या सिम्युलेटरच्या किमतीत एक जुनी मोटार दारात येईल. पण एक सांगतो, ते खोटं बोलत नाही."

"मग तेच दाखव. मला खरं कळायला हवंय."

दुकानदार एकेकाळी मास्तरांकडेच गाडी शिकला होता. गिअर इतके कडाकडा वाजवायचा, की मास्तरांनी त्याचं नाव गिअरखाऊ ठेवलं होतं. "ताईचं कळलं मास्तर, भेटायला आलो नाही, चुकलंच," एवढं तो आल्या आल्या खालमानेने बोलला आणि मग जे तोंड सुरू केलं ते बंद करायचं नाव नाही. काही माणसांना दुसऱ्याचं दुःख बघवत नाही, ती बडबड करतात. त्याला काय बोलणार!

मास्तरांचं ड्रायव्हिंग स्कूल तीस वर्षांचं. मंत्र एकच. "गोंधळ उडाला की ब्रेक!" हजारोंच्या कानात त्यांनी तो ओतला होता. शिवाय त्यांच्या स्वतःच्या पायाशी दुसरा ब्रेक असायचाच. शिकणारा चुकला, तर मास्तर होतेच सावरायला. लेकीलाही त्यांनीच शिकवलं. चार महिन्यांपूर्वी ती स्कूलची जुनी गाडी घेऊन एकटीच निघाली. वळणावर वाळू सांडलेली होती. गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि झाडावर गेली. शेजारच्या सीटवर मास्तर नव्हते.

गाडी ओढून आणणारा क्रेनवाला सहज बोलून गेला होता, "रस्त्यावर ब्रेक दाबल्याचे काळे पट्टे होते. ब्रेक दाबला नसता, तर सावरली असती बिचारी." तेव्हापासून मास्तरांच्या घशाखाली धड घास उतरत नव्हता. लेक गेली ते गेलीच. पण ती आपल्या शिकवण्याने गेली का, एवढं त्यांना जाणून घ्यायचं होतं.

मधलं मशीन ना धड इकडचं, ना धड तिकडचं. दोनदा गाडी थांबली, दोनदा फिरली. मास्तर उठले आणि कोपऱ्यातल्या मशीनवर जाऊन बसले.

तेच वळण. तीच वाळू. मागची चाकं सुटली तशी बुडाखालची सीटही सुटल्यासारखी झाली. मास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी गर्रकन फिरली, झाड समोर आलं, सीटने हिसका दिला. पुन्हा केलं. पुन्हा झाड. आठ वेळा मास्तरांनी ब्रेक दाबला आणि आठही वेळा झाडावर गेले.

"अहो मास्तर, ब्रेक कसला दाबताय! घसरल्यावर ब्रेक हाच तर वैरी!" दुकानदार हसत म्हणाला. "उठा, मी दाखवतो. इथे लोक पैसे मोजून हौसेने घसरतात. ड्रिफ्टिंग म्हणतात त्याला."

"हौसेने?"

"हौसेनेच! आता बघा. शेपूट जिकडे पळतंय, तिकडेच स्टिअरिंग फिरवायचं. आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही."

दुकानदाराची गाडी वळणावर घसरली. बाजूला उभ्या मास्तरांचा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. तिथे ब्रेक नव्हता. गाडीने जरा शेपूट हलवलं आणि सरळ रस्त्याला लागली.

मास्तर परत बसले. वाळू आली, चाकं सुटली. तीस वर्षांची सवय पायात उसळली. त्यांनी दात-ओठ खाऊन पाय वर धरला आणि स्टिअरिंग फिरवलं. गाडी डुलली, सावरली, सरळ झाली. झाड बाजूने मागे निघून गेलं.

"जमलं! पहिल्या फटक्यात जमलं!"

"एवढं सोपं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"अहो, दहा मिनिटांचं काम. कुणालाही शिकवता..."

मास्तर स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होते, लहान मुलासारखे, मोठ्याने. आता कुठे गिअरखाऊच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने पाण्याचा ग्लास आणून मास्तरांपुढे धरला.

पाणी पिऊन मास्तरांनी डोळे पुसले.

"हे मशीन स्कूलमध्ये पाठव. यापुढे येईल त्याला आधी यावर बसवणार, मग गाडीत. तीस वर्षं चुकीचं सांगितलं, आता उरलेल्यांना तरी खरं सांगतो."

दुकानदाराने मान हलवली. मास्तर दारापर्यंत गेले, घुटमळले आणि मागे फिरले. टेबलावरच्या त्या पहिल्या स्टिअरिंगवर त्यांनी हात ठेवला.

"आणि हे माझ्या घरी."

"हे कशाला, मास्तर? हे निव्वळ खोटं आहे हो," दुकानदार हलकेच म्हणाला.

"असू दे," मास्तर म्हणाले. "यात ब्रेक दाबला की गाडी थांबते."